मुलाखतीचा वार: आत असलेल्या माणसाशी घराची गाठ टिकवताना

घरातल्या माणसाला अटक झाली की पहिले दोन दिवस सगळं घर पळत असतं. पोलीस स्टेशन, वकील, ओळखीचा पुढारी, पुन्हा पोलीस स्टेशन. पंधरा दिवसांत पाय थकतात, हातातले पैसे संपतात, कपाशीची वेचणी समोर उभी राहते आणि जेलकडे जाणं मागे पडायला लागतं. आतल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो हा काळ. म्हणून सुरुवातीलाच सगळी ताकद खर्चून बसू नका. जेलशी व्यवहार दोन गोष्टींवर चालतो: मुलाखतीचा, म्हणजे भेटीचा, ठरलेला वार आणि पिशवीतले कागद. हे दोन सांभाळले की बाकीचं निभावतं.

पुढचं सगळं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या घरांसाठी आहे. इथला कच्चा कैदी, म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे तो, सहसा आपल्या जिल्ह्याच्या कारागृहात असतो. मोठी शिक्षा लागली की नाशिकरोडला, कधी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला जातो. जागा कमी पडली तर कच्च्यालाही दुसरीकडे हलवतात. घराला कळवायच्या आतच गाडी गेलेली असते, असंही होतं. त्यामुळे प्रत्येक वेळी निघण्याआधी जेलमध्ये फोन करून ‘इथेच आहे ना’ एवढं विचारून घ्या. धडगावहून निघून नंदुरबारच्या फाटकावर परत फिरण्यापेक्षा तो एक फोन बरा.

पीसीआर की एमसीआर

अटकेनंतर २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. अटक का केली आणि त्याला कुठे ठेवलंय, हे नातेवाइकाला किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४८ मध्ये आहे. कोर्टाबाहेर दोन शब्द ऐकू येतील. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस लॉकअपमध्ये. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस जेलमध्ये. मुलाखत, मनीऑर्डर, कॅन्टीन हे सगळं एमसीआर झाल्यावर सुरू होतं. पीसीआरमध्ये वकिलाला चौकशीदरम्यान भेटता येतं. घरच्यांनी वकिलामार्फत खुशाली घ्यावी. औषध चालू असेल तर त्याच दिवशी कोर्टासमोर वकिलाकडून सांगायला लावा, म्हणजे ते रेकॉर्डवर येतं.

त्या दिवशी कोर्टातून निघताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्या: पोलीस स्टेशन, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, कोर्ट, पुढची तारीख. केसला सीएनआर नंबर पडला की तोही टिपा. तो १६ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला ‘एमएच’ने सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. ‘तारीख काय लागली’ एवढं विचारायला कुणाला शंभर रुपये द्यायची गरज उरत नाही.

आणि नाव. जेलच्या रजिस्टरला नाव चढतं ते वॉरंटवरचं, वॉरंटवर येतं ते एफआयआरमधलं. सातपुड्यातल्या गावांत एकाच माणसाचं नाव एफआयआरमध्ये रामशिंग, आधारवर रामसिंग आणि रेशनकार्डावर रामसिंह असतं. कुठे बापाचं नाव मधे, कुठे आडनाव आधी. घरचे आधारवरचं नाव टाकतात आणि ऑनलाइन अर्जात ‘बंदी (म्हणजे कैदी) सापडत नाही’ असं येतं. पहिल्या मुलाखतीला फाटकावरच्या शिपायाला विचारून रजिस्टरमधलं नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्या. बंदी क्रमांकही घ्या. पुढे मनीऑर्डर, पत्र, अर्ज, सगळीकडे तेच नाव, तोच क्रमांक. आधार आणि एफआयआरमधलं नाव फारच वेगळं असेल तर जामिनाच्या वेळी अडतं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र वकिलाकडून आधीच करून ठेवा.

पिशवीत काय असावं

प्लास्टिकची चेन असलेली एक पिशवी करा, पावसात भिजणार नाही अशी. तिच्यात एफआयआरची प्रत, रिमांडच्या (कोर्टाने कोठडी दिल्याच्या) तारखा लिहिलेली छोटी वही, वकिलाचा नंबर, भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या आधारच्या दोन झेरॉक्स, नातं दाखवणारा कागद (रेशनकार्ड, नाहीतर लग्नाचा किंवा जन्माचा दाखला), मनीऑर्डरच्या पावत्या आणि त्याचे दवाखान्याचे जुने कागद. मूळ आधार वेगळं ठेवा, पण बरोबर न्या. पिशवी घरात एकाच माणसाकडे असावी. तीन भावांकडे तीन कागद असले की नेमका लागणारा चौथ्याकडे निघतो.

मुलाखत

कच्च्या कैद्याला साधारण आठवड्याला एक मुलाखत मिळते, शिक्षा लागलेल्याला त्याहून कमी. वार, वेळ आणि एका वेळी किती जण हे फाटकावरच्या फलकावर लिहिलेलं असतं. त्या फलकाचा फोटो घेऊन ठेवा. (फोटो बाहेर उभं राहून, शिपायाला विचारून. आत फोन चालत नाही.) सणासुदीच्या आणि सुटीच्या दिवशी मुलाखत बंद असते, आणि नेमकं पोळा-दिवाळीच्या आसपास घरच्यांना यायचं असतं. तेव्हा सणाच्या दोन दिवस आधीचा वार धरा.

नाव नोंदवायला दोन वाटा आहेत: फाटकावर जाऊन किंवा ऑनलाइन. ऑनलाइनसाठी ई-प्रिझन्सच्या राष्ट्रीय पोर्टलवर (ईप्रिझन्स डॉट एनआयसी डॉट इन) ‘ई-मुलाकात’ असा पर्याय आहे. त्यात आधी ठरवा की प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवर. मग भेटणाऱ्याचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल, ईमेल आणि ओळखपत्राचा नंबर भरा. मग राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, वय, नातं. ओटीपी टाकला की नोंदणी क्रमांक येतो. नोंदणी क्रमांक म्हणजे मंजुरी नव्हे. मंजुरीचा मेसेज वेगळा येतो आणि तो आल्याशिवाय एसटीत बसू नका. अर्ज फेटाळला जातो त्याची कारणं बहुतेक ठरलेली: नाव रजिस्टरशी जुळत नाही, कारागृह चुकीचं निवडलं, त्या आठवड्याची भेट आधीच दुसऱ्या नातेवाइकाने घेतली, किंवा दिवस सुटीचा निघाला. तिसऱ्या कारणावर घरातच तोडगा आहे. कुणी कधी जायचं ते महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लिहून टाका. बायको शंभर किलोमीटरवरून आली आणि सकाळीच चुलतभाऊ भेटून गेलेला, यावरून फाटकासमोर झालेली भांडणं थोडी नाहीत.

ईमेल नसेल तर घरातल्या शिकत्या पोराचा द्या, पण मोबाइल नंबर स्वतःचाच टाका. सेवा केंद्रवाल्याचा नंबर टाकला की मंजुरीचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि तुम्ही गावात वाट बघत बसता.

व्हिडिओ मुलाखतीचा फायदा धडगाव-अक्कलकुवा भागातल्या घरांना जास्त, अडचणही त्यांनाच जास्त. डोंगरात रेंज येते-जाते. बोलणं तुटलं तर त्या दिवसाची मुलाखत गेल्यातच जमा होते, म्हणून शहाद्याला किंवा तळोद्याला कुणा नातेवाइकाच्या घरी बसून लावलेली बरी. उजेड तोंडावर असू द्या, पाठीमागे खिडकी नको. नाहीतर त्याला नुसती काळी सावली दिसते. वेळेआधी दहा मिनिटं लिंक उघडा, माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी द्या आणि थांबा. तिकडून जेलच्या माणसाने सुरू केल्याशिवाय काही दिसत नाही. त्या वेळात बंद-चालू करत बसू नका.

प्रत्यक्ष भेटीला सकाळी लवकर पोहोचा. आधार दाखवा, नाव लिहून घेतात, झडती होते. बाईमाणसाची झडती बाईनेच घ्यायची. फोन, पर्स, दागिने बाहेर ठेवावे लागतात. ज्याच्या भरवशावर ठेवता येईल असा एक माणूस बरोबर असू द्या. खिशात तंबाखूची पुडी, विडी, काडेपेटी, चाकू असं काही राहिलंय का, ते दोनदा बघा. आपल्याकडे तंबाखू खिशात असणं कुणाला वावगं वाटत नाही, तिथे ती पकडली गेली की मुलाखत रद्द. ती आत देण्याचा प्रयत्न केला असं धरलं तर कारागृह कायद्याखाली कैदही होऊ शकते. ‘दुसऱ्याच्या माणसाला एवढी पुडी द्या’ असं रांगेत कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. ओळखीचा असला तरी.

भेट काचेआडून किंवा जाळीआडून होते. बऱ्याच ठिकाणी इंटरकॉमचा फोन असतो. वेळ अर्ध्या तासाच्याही आत संपतो आणि शेजारी चार घरं एकाच वेळी बोलत असतात. पहिली पाच मिनिटं दोन्हीकडचे रडण्यात जातात, ते व्हायचंच. पण उरलेल्या वेळासाठी तळहातावर नाही, कागदावर चार ओळी लिहून आणा: तारखेचं काय, पैशाचं काय, तब्येतीचं काय, घरचं काय. याच क्रमाने. तब्येत विचारताना ‘बरा आहेस ना’ म्हटलं की तो ‘बठ्ठं बरं शे’ (सगळं बरं आहे) एवढंच म्हणेल. झोप किती लागते, जेवण जातं का, गोळी रोज मिळते का, असं एक-एक विचारा. दोघं-तिघं गेले असाल तर कोण आधी बोलणार ते रांगेतच ठरवा. मायला शेवटी ठेवू नका, तिच्या हातात फोन येईपर्यंत घंटा होते.

केसमध्ये नेमकं काय घडलं, कोण होतं, कोणत्या साक्षीदाराला काय सांगायचं, हे मुलाखतीत, जेलच्या फोनवर किंवा पत्रात बोलायचं नाही. तिथलं बोलणं ऐकलं जाऊ शकतं, पत्र वाचलं जातं. ते सगळं वकिलाजवळ. वकिलाशी त्याला एकांतात बोलता येतं.

फोन

आतून घरी फोन करायची सोय जेलमध्ये असते, पण नोंदवलेल्या आणि तपासलेल्या नंबरांवरच. तेव्हा घरातला जो नंबर नक्की चालू राहणार आहे तोच द्या. रिचार्ज संपून बंद पडणारा नको. एक नंबर मायबापाचा, एक बायकोचा आणि वकिलाचा. अनोळखी किंवा लँडलाइनसारखा नंबर दिसला म्हणून उचलला नाही, तर त्याची ती पाळी वाया जाते. मिनिटं मोजकी असतात. शेतात असाल तर फोन गळ्यात लावलेल्या पिशवीत, आवाज चढवून.

पत्र

आजकाल पत्र कोण लिहितं, असं वाटेल. आतल्या माणसासाठी ते मुलाखतीपेक्षा जास्त दिवस पुरतं, कारण तो ते पुन्हा वाचू शकतो. ५० पैशांचं पोस्टकार्ड किंवा अडीच रुपयांचं आंतर्देशीय पुरे. पाकिटात जादा कागद, फोटो, नोटा घातल्या की तपासणीत अडकतं. मुलांचा फोटो पाठवायचा असेल तर जेलमध्ये चालतो का ते आधी विचारा.

भाषा मराठी किंवा हिंदी ठेवा. अहिराणीत लिहिलेलं त्याला जास्त गोड वाटेल, पण पत्र आधी ज्याने तपासायचं त्याला ती वाचता आली नाही तर ते बाजूला पडतं; पावरी-भिलीचंही तेच. एखादा शब्द अहिराणीतला आला तर बिघडत नाही. सांकेतिक बोलू नका. ‘ते सामान मामाकडे ठेवलं’ हे वाक्य खरोखर बियाण्याच्या पोत्यांबद्दल असलं, तरी वाचणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही.

काय लिहायचं ते सुचत नाही, ही बहुतेकांची अडचण. बहिणीने भावाला लिहिलेलं हे एक साधं पत्र बघा:

‘दादा, घरी सगळे खुशाल. पहिली वेचणी झाली, चार क्विंटल निघाला. अजून दिला नाही, भाव बघतोय. मायचा गुडघा तसाच आहे, गोळी चालू आहे. मोठीला गणिताच्या चाचणीत वीसपैकी सतरा पडले. मंगळवारी वकीलसाहेबांना भेटलो, पुढची तारीख १४ आहे. साबण-तेलासाठी ५०० पाठवले. शुक्रवारी मी आणि वहिनी येतो. मोटारीचा स्टार्टर तू कोणत्या मिस्त्रीकडे टाकला होता ते लिहून कळव, इथे कुणालाच माहीत नाही.’

या पत्रातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची आहे. आत गेलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की आपल्यावाचून घराचं काही अडत नाही. स्टार्टरचा मिस्त्री, केळीच्या बागेत खत कधी टाकायचं, म्हशीचा व्यवहार करावा की नाही, असं दर पत्रात एक खरंखुरं विचारा. त्याने उत्तर दिलं तर तसं करा, आणि केलं ते पुढच्या पत्रात सांगा.

वाईट बातमीचं काय? लहानसहान कटकटी सगळ्या लिहू नका, त्याला तिथून काही करता येत नाही आणि रात्र लांब असते. पण मोठी गोष्ट लपवू नका. बापाचं आजारपण, जमिनीचा वाद, बायको माहेरी गेली, हे त्याला गावातल्याच दुसऱ्या कैद्याकडून कळतं, आणि मग घरच्यांच्या एकाही शब्दावर विश्वास राहत नाही.

पैसे आणि सामान

कॅन्टीनसाठी पैसे जेलमधल्या त्याच्या खात्यात जमा होतात. महिन्याला किती याला मर्यादा असते. मनीऑर्डर करताना पत्त्यावर अधीक्षक, कारागृहाचं नाव, आणि बंद्याचं पूर्ण नाव-क्रमांक लिहा. टपाल खातं २० रुपयांमागे १ रुपया घेतं, म्हणजे १,००० पाठवले की ५० गेले. मर्यादेपेक्षा जास्त पाठवलं तर मनीऑर्डर परत येते, कमिशन येत नाही. जेलच्या खिडकीवर भरता येत असतील तर तिथेच भरा आणि पावती घ्या. एकदम मोठी रक्कम टाकण्यापेक्षा दर महिन्याला ५००-७०० नेमाने बरी. ज्याच्याकडे एकदम पैसा दिसतो त्याच्याकडे आत मागणारेही येतात.

‘तुमच्या माणसाला आत त्रास होतोय, या नंबरवर फोनपे करा’ असा फोन आला तर पैसे टाकू नका. बोलणारा साहेब म्हणवत असो की त्याच बॅरेकमधला. नंबर आणि वेळ टिपा, जेलच्या कार्यालयात फोन करून खात्री करा, पुढच्या मुलाखतीत त्यालाच विचारा. खरंच त्रास असेल तर अधीक्षकांना लेखी द्या, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाला.

कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात, शिक्षा लागलेल्याला जेलचे. दोन-तीन जोड, साधे, चेन-पट्टा-नाडीशिवाय. नाडी काढून इलॅस्टिक घालून घ्या, शिलाईवाला वीस मिनिटांत करून देतो. थंडीत अंगावरचं द्यायचं असेल तर आधी विचारा. घरचा डबा कोर्टाच्या आदेशाशिवाय सहसा चालत नाही. दिवाळीच्या करंज्या घेऊन फाटकावर उभं राहू नका, परत न्याव्या लागतात आणि माय वाटभर रडते.

औषधपाणी

इथे ढिलाई नको. गोळ्या थेट माणसाला देता येत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी, बिल आणि सीलबंद पाकीट जेलच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातं, पुढचं ते ठरवतात. टीबीचं औषध चालू असेल तर निक्षय आयडी (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) लिहून द्या, म्हणजे कोर्स तुटत नाही. शुगर, फिट, मानसिक आजाराची गोळी यांच्याबाबतीतही पहिल्याच आठवड्यात कागद पोहोचले पाहिजेत.

सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांसाठी एक वेगळी गोष्ट: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. माणसाकडे सिकलसेलचं कार्ड असेल तर त्याची प्रत अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकारी दोघांना अर्जासोबत द्या. पाणी कमी पडलं, ताप आला, फार ऊन किंवा फार थंडी लागली की सांध्यांत-छातीत असह्य कळा येतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. पत्र्याखाली, गर्दीत, पाणी मोजून मिळालं तर हा त्रास उसळतो, आणि कार्ड माहीत नसलेल्या माणसाला तो ढोंग करतोय असं वाटतं. अर्जात तीन ओळी पुरेत: आजार काय, गोळ्या कोणत्या (हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड असं नावानिशी), आणि ताप, कळा किंवा दम लागला तर लगेच दवाखान्यात न्यावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या.

तो मुलाखतीला यायलाच नकार देऊ लागला, ‘माझ्या वाटणीचं भावाला देऊन टाका’ असं निरवानिरवीचं बोलायला लागला, तर ते मनावर घ्या. त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा. घरच्यांनाही झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

वकील आणि जामीन, घराच्या बाजूने

कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातलं कलम १२ हेच सांगतं. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपीची बाजू फुकट मांडणाऱ्या वकिलांचं) असतं, तालुक्याला समिती असते. फोन १५१००. ‘फुकटचा वकील काय करणार’ म्हणून बैल विकून खासगी वकील करण्याआधी एकदा तिथे जाऊन बसा. वकील कोणताही असो, प्रत्येक वेळी पैसे दिले की तारीख आणि रक्कम वहीत लिहा.

घराने मोजायचे दोन आकडे आहेत. पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून, ६० दिवसांत (दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत) दोषारोपपत्र (चार्जशीट) दाखल झालं नाही तर जामीन मागण्याचा हक्क तयार होतो. पण अर्ज करावा लागतो, आणि आधी दोषारोपपत्र आलं की हक्क गेला. म्हणून वहीत साठावा आणि नव्वदावा दिवस लाल पेनने लिहा, आणि त्याच्या आठ दिवस आधी वकिलाला आठवण करा. दुसरा आकडा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा: जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ, आणि आयुष्यात पहिलाच गुन्हा असेल तर एकतृतीयांश काळ, कच्चा कैदी म्हणून गेला की जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेप-फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरीही नाही. अर्ज जेल अधीक्षकांनी करायचा असतो. घरच्यांनी त्यांना लेखी आठवण द्यायला हरकत नाही.

जामीन मंजूर झाला तरी माणूस बाहेर येत नाही, कारण जामीनदार नसतो. त्याला सातबारा, आधार, रेशनकार्ड, बहुतेक वेळा तहसीलचा ऐपतीचा दाखलाही लागतो. आपल्याकडे सातबारा आजोबांच्या नावावर आणि सात जणांचा सामाईक, किंवा जमीन वनपट्ट्याची; दोन्ही ठिकाणी कोर्ट का-कू करतं. म्हणून जामिनाचा अर्ज टाकल्या दिवशीच जामीनदार ठरवा, वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे लावा. तोपर्यंत काही आठवड्यांसाठी रोख रकमेवर सोडावं अशी मागणी वकिलाला करायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही तर कोर्ट अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांची जामिनाची रक्कम भरण्याची केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे. दोन्हीसाठी दार तेच, विधी सेवा प्राधिकरण.

शिक्षा लागल्यावर

आता मुक्काम लांबचा. जळगावहून नाशिकरोड रेल्वेने साधारण २३० किलोमीटर, जेल स्टेशनच्याच भागात जेलरोडला. धुळ्याकडून एसटी सोपी. बायांना एसटीत निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या वर फुकट. मायबापांचं आधार त्यासाठीही लागतं.

संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे अर्ज जेलमधून जातात, पण अडकतात गावात. पोलीस चौकशीला येतात, तेव्हा घराला कुलूप असतं, जामीन राहणारा नातेवाईक ऊसतोडीला गेलेला असतो, किंवा पत्ता जुना असतो. मग अहवाल विरोधात जातो. अर्ज गेल्याचं कळलं की पोलीस स्टेशनला स्वतः जाऊन आपला पत्ता आणि जामीन राहणाऱ्याची कागदपत्रं देऊन या. घरात मृत्यू झाला तर वाट न बघता पोलीस पाटलाचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला आणि अर्ज घेऊन एक माणूस त्याच दिवशी जेलला निघाला पाहिजे. तातडीची रजा अशाच प्रसंगासाठी आहे. रजेवरून परत जायचा दिवस घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. उशीर झाला की शिक्षेत मिळालेल्या माफीचे दिवस कापले जातात आणि पुढची रजा अवघड होते.

शेतीच्या व्यवहाराला त्याची सही लागते. वकीलपत्रावरची सही अधीक्षकांसमोर होते. मुखत्यारपत्रासाठी त्याला दुय्यम निबंधकाकडे आणावं लागत नाही. नोंदणी कायद्यात जेलमधल्या माणसाला हजेरीतून सूट आहे. मुखत्यारपत्र कुणाच्या नावाने करायचं हे मात्र मुलाखतीत त्याला स्वतः विचारा. भाऊबंदकीतला कागद घाईत सही करून घेण्याचे प्रकार याच काळात होतात.

मुलं

पोरांना ‘बाप मुंबईला कामाला गेलाय’ सांगतात. शाळेत कुणीतरी खरं सांगतंच. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलाला घरच्यानेच, थोडक्यात सांगावं: बाबाला पोलिसांनी धरलंय, कोर्ट ठरवणार आहे, तो जिथे आहे तिथे जेवण मिळतं, आपण त्याला भेटायला जाऊ, आणि यात तुझं काही चुकलेलं नाही. शेवटचं वाक्य विसरू नका. भेटीला नेण्याआधी सांगून ठेवा की मधे काच असेल, हात लावता येणार नाही. महाराष्ट्रातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, त्यात शिक्षा झालेल्यांना मुलांना जवळ घेता येतं; कधी आहे ते जेलमध्ये विचारत राहा. आई आत असेल तर सहा वर्षांखालचं मूल तिच्याजवळ राहू शकतं. मागे राहिलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा बाल कल्याण समितीकडे करा. तुरुंगात असल्याचा दाखला जेलमधून मागून घ्या. मूल एकटं पडलं असेल तर चाइल्ड हेल्पलाइनला १०९८ वर फोन करा.

सुटकेचा दिवस

कोर्टाचा आदेश जेलमध्ये पोहोचून तपासला जाईपर्यंत संध्याकाळ होते, आणि संध्याकाळी बॅरेकींना कुलूप लागल्यावर आदेश आला तर सुटका दुसऱ्या सकाळी. धडगाव-मोलगीकडच्या घरांनी नंदुरबारला मुक्कामाची सोय धरूनच यावं, शेवटची एसटी निघून गेलेली असते. निघण्याआधी जामिनाच्या अटी वाचून घ्या: कोणत्या पोलीस स्टेशनला कधी हजेरी, कोणत्या गावात पाऊल टाकायचं नाही. फाटकातून बाहेर पडताना त्याच्या खात्यातली शिल्लक रक्कम आणि जमा केलेलं सामान यादीप्रमाणे मोजून घ्या. अटकेत जप्त झालेला फोन जेलमध्ये मिळणार नाही; तो मुद्देमालात असतो आणि त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज लागतो.